किनाऱ्यावरचे चार तास

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस शिक्षणाच्या प्रसारावर बोलण्याची विनंती केली होती. त्या विषयावर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल. त्यांच्या अनुमतीने आज आम्ही निराळाच विषय घेतला आहे. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी कित्येकांची मुले परदेशी प्रवासी बोटींवर नोकरीस आहेत. कोणी स्वयंपाकघरात आहे, कोणी भोजनगृहात वाढपी आहे, कोणी उतारूंच्या खोल्या आवरतो, कोणी इंजिनाच्या खोलीत आहे. त्यांच्या पगाराविषयी आपल्यांत बोलणे होते, त्यांनी बांधलेल्या घरांविषयी होते, आणि लग्नाचा प्रश्न निघाला म्हणजे त्यांच्या वर्तनाविषयीही, जरा खालच्या आवाजात, होते. परंतु महिनोन्महिने पाण्यावर राहणाऱ्या या मुलांच्या पायांस जमीन लागते तेव्हा ते काय करतात, त्यांस काय वाटते, हे विचारणारा मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला. या सुट्टीस बोटीवरील भाषेत 'शोअर लीव्ह' म्हणतात. आपण तिला किनाऱ्याची सुट्टी म्हणू. सुट्टी हा शब्द येथे बऱ्याच उदारपणे वापरलेला आहे, हे पुढे दिसेलच.

आम्ही स्वतः समुद्र ओलांडलेला नाही. चौतीस वर्षे मराठी शाळेत मुलांना भूगोल शिकविताना भिंतीवरच्या नकाशातील महासागर मात्र छडीच्या टोकाने अनेकदा ओलांडले. त्या वर्गांत बसलेली काही मुले आज खरोखरीच ते महासागर ओलांडीत आहेत, आणि करार संपवून गावी आली म्हणजे आठवणीने भेटावयास येतात. आज जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. नियमकायदे तेवढे आम्ही स्वतः वाचून घेतले. त्यांतील एक विद्यार्थी आठ वर्षांपासून उतारूंच्या खोल्या आवरण्याच्या कामावर आहे. 'गुरुजी, माझे नाव घेऊ नका' असे त्याने बजावले असल्यामुळे आम्ही त्यास नुसते 'आमचा विद्यार्थी' म्हणू.

भूमध्य समुद्रातील उन्हाळी हंगाम संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पुष्कळ प्रवासी बोटी अटलांटिक ओलांडून कॅरिबियन समुद्राकडे जातात आणि वसंत ऋतूत परत येतात. पक्ष्यांच्या थव्यांप्रमाणे हे त्यांचे दरसालचे येणेजाणे आहे. आमच्या विद्यार्थ्याची बोट गेल्या नोव्हेंबरात बार्सिलोनाहून निघून कॅनरी बेटांतील सांताक्रूझ येथे थांबली. (मुंबईकरांस सांताक्रूझ म्हटले की लोकलचे स्टेशन आठवेल. हे सांताक्रूझ स्पेनच्या ताब्यातील तेनेरिफे बेटावर आहे.) त्या बेटावर तेइदे नावाचा ३,७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे. स्पेनमधील तो सर्वांत उंच पर्वत. बोट निघाली की बराच वेळ तो मागे दिसत राहतो, आणि तो दिसेनासा झाला की पुढे फक्त पाणी. पलीकडचे पहिले बंदर सेंट मार्टिन बेटावरील फिलिप्सबर्ग. मध्ये सुमारे २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. भारताच्या उत्तर टोकापासून कन्याकुमारीपर्यंत जेवढे अंतर आहे त्याच्या दीडपट. कोलंबस याच कॅनरी बेटांतून ६ सप्टेंबर १४९२ रोजी निघाला आणि १२ ऑक्टोबरला त्यास जमीन लागली. त्यास छत्तीस दिवस लागले; आजच्या बोटीला ताशी १८ सागरी मैलांच्या वेगाने सहा दिवस व काही तास लागतात.

सहा दिवस म्हणजे फार नव्हेत, असे आपणांस वाटेल. उतारूंच्या दृष्टीने ते खरेच फार नव्हेत. ते त्यासाठीच पैसे मोजून येतात. खोल्या आवरणाऱ्याचे गणित उलटे असते. बोट बंदरात असली की उतारू सकाळी गावात जातात, खोल्या मोकळ्या मिळतात, जेवणघरातील गर्दी कमी होते. बोट समुद्रात असली की तीन हजार उतारू तीनही त्रिकाळ बोटीवरच असतात. खातात, पितात, झोपतात, पुन्हा खातात, आणि दर खोली दिवसातून दोनदा आवरावयाची असते. म्हणून महासागर ओलांडण्याचे दिवस हे उतारूंच्या सर्वांत आरामाचे आणि नोकरांच्या सर्वांत कष्टाचे दिवस होत. आमच्या विद्यार्थ्याकडे अठ्ठावीस खाटा होत्या. त्याची स्वतःची खोली बोटीच्या पोटात, दोघांत एक, एकावर एक अशा दोन फळ्यांची, आणि तिला खिडकी नाही. कामावर जाण्याची वाटही आतूनच. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर नोकरांच्या या लांबलचक बोळास तेथील पूर्व किनाऱ्यावरच्या एका हमरस्त्याचे नाव मिळाले आहे, 'आय-९५'. हमरस्त्यावर निदान ऊन तरी पडते. आमच्या विद्यार्थ्याने त्या सहा दिवसांत दोनदा सूर्य पाहिला असे तो म्हणाला. आणि तेही डेकच्या कडेला, कचऱ्याच्या पिशव्या पोचविण्याच्या निमित्ताने. एकदा उडणारे मासे दिसले. वर्गात आम्ही त्यांचे चित्र दाखविले होते, ते त्यास आठवले.

एक सवलत मात्र निसर्गाने दिलेली आहे. पश्चिमेकडे जाताना घड्याळे मागे करावी लागतात. कॅनरी बेटे आणि फिलिप्सबर्ग यांच्या घड्याळांत हिवाळ्यात चार तासांचे अंतर आहे. म्हणजे त्या सहा रात्रींपैकी चार रात्री पंचवीस तासांच्या दिवसातील असतात, आणि तो जादा तास नोकरवर्ग झोपेत घालवितो. वसंतात परत येताना हेच चार तास एकेक करून काढून घेतले जातात. पूर्वेकडील प्रवासाचे नाव काढले की ही मुले तोंड वाकडे का करतात, त्याचे कारण हे. रेखावृत्तांचा धडा शिकविताना घड्याळाचा हिशोब आम्ही शेकडो वेळा फळ्यावर मांडला असेल. परंतु एका तासाची किंमत एवढी असू शकते हे त्या धड्यात कोठे नव्हते.

आता कामाच्या तासांविषयी कायदा काय म्हणतो ते पाहू. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा २००६ चा सागरी मजूर करार २० ऑगस्ट २०१३ पासून अंमलात आला आणि भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे बोटीवरच्या मनुष्यास चोवीस तासांत चौदा तासांहून अधिक आणि सात दिवसांत बहात्तर तासांहून अधिक काम देता येत नाही. किंवा दुसऱ्या मापाने, त्यास चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. ही विश्रांती दोन तुकड्यांत देता येते, मात्र त्यांपैकी एक तुकडा निदान सहा तासांचा असावा. याच करारात असेही म्हटले आहे की, आरोग्य व स्वास्थ्य यांसाठी त्यांस किनाऱ्यावर जाऊ द्यावे, कामाच्या गरजेस बाध येत नसेल तर.

श्रोतेहो, हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा, म्हणजे या सुट्टीचे स्वरूप ध्यानात येईल. रात्री सहा तास झोप आणि दुपारी चार तास मोकळे, मिळून दहा तास विश्रांती झाली. कायदा पुरा झाला. पण किनाऱ्यावर जावयाचे ते याच दुपारच्या चार तासांत. म्हणजे किनाऱ्याची सुट्टी ही कामातून मिळालेली नसते, ती विश्रांतीतून काढलेली असते. बोटीवर प्रत्येक बंदरात प्रत्येकास हा प्रश्न सोडवावा लागतो की, आज जमीन घ्यावी की झोप. कराराच्या चवथ्या-पाचव्या महिन्यात पुष्कळ जण झोप घेतात. एवढ्या दूरदूरच्या देशांत जाऊन आला आणि काही पाहिले नाही, म्हणून आपण या मुलांना हसतो, त्याचे उत्तर येथे आहे.

शिवाय सर्वांस एकदम उतरता येत नाही. बोट धक्क्याला लागलेली असली तरी आगीसारख्या प्रसंगासाठी ठराविक माणसांनी बोटीवर राहिलेच पाहिजे. त्यांच्या पाळ्या लागलेल्या असतात. आग लागल्याची किंवा बोट सोडून जाण्याची कवायतही बहुधा बंदरातच घेतात, कारण त्या वेळी उतारू बाहेर असतात. ज्याची पाळी त्याचा किनारा गेला. त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याची पाळी नव्हती.

सकाळी आठाच्या सुमारास बोट फिलिप्सबर्गच्या धक्क्याला लागली. बंदराच्या अधिकाऱ्यांनी कागद पाहून मोकळीक दिली, आधी उतारू उतरले, खोल्या आवरून होईपर्यंत साडेअकरा झाले. मग गणवेष उतरवून, ओळखीचे कार्ड शिडीजवळच्या यंत्रावर टेकवून तो खाली आला. दुपारी साडेतीनला परत त्याच यंत्रापाशी हजर व्हावयाचे होते. चार तास.

त्याने आम्हांस सांगितलेली पहिली गोष्ट अशी की जमीन डोलत होती. सहा दिवस शरीराने लाटांशी जमवून घेतलेले असते. जमिनीवर पाय टेकला तरी आतला तोल काही वेळ समुद्राचाच हिशोब धरून चालतो. धक्क्यावरून चालताना तो एकदा कठड्याला धरून उभा राहिला. बाजूने जाणाऱ्या फिलिपिनो सोबत्याने हसून त्याच्या पाठीवर थाप मारली, कारण त्याचेही तेच झाले होते. दुसरी गोष्ट वासाची. बोटीच्या पोटात साबणाचा, इंजिनाच्या तेलाचा आणि शिजणाऱ्या अन्नाचा मिळून एकच वास सदैव असतो. बाहेर आल्यावर त्यास ओल्या मातीचा वास आला. रात्री तेथे पाऊस पडून गेला होता.

हे सेंट मार्टिन बेट मोठे गमतीचे आहे. सबंध बेट सुमारे ८७ चौरस किलोमीटरांचे, आपल्याकडील एखाद्या तालुक्याहूनही लहान. आणि तेवढ्यात दोन राज्ये! १६४८ सालच्या तहाने उत्तरेचा भाग फ्रेंचांकडे व दक्षिणेचा डचांकडे गेला, तो आजतागायत तसाच आहे. फिलिप्सबर्ग ही डच भागाची राजधानी. उपसागराच्या कडेने समांतर धावणारे रस्ते, त्यांतील मुख्य दोहोंची नावे पुढचा रस्ता आणि मागचा रस्ता अशा अर्थाची. गावाचे नाव ठेवणारा कोणी व्यवहारी मनुष्य असावा. ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा नावाच्या चक्रीवादळाने या बेटाची दाणादाण उडविली होती. दुकाने पुन्हा उभी राहिली आहेत, आणि त्या पुढच्या रस्त्यावरील सोन्यानाण्याची, घड्याळांची, यंत्रांची कित्येक दुकाने आपल्या सिंधी बांधवांची आहेत. फाळणीनंतर जगभर पांगलेला हा समाज अटलांटिकच्या या टोकावरही गल्ला सांभाळून बसलेला आहे. बोटीवरच्या नोकरांना ते भावात काही सूट देतात आणि हिंदीत बोलतात. आमच्या विद्यार्थ्याने एका दुकानदाराकडून काहीही विकत न घेता दहा मिनिटे नुसत्या गप्पा मारल्या. कशाविषयी, असे आम्ही विचारले. 'पावसाविषयी, गुरुजी,' तो म्हणाला.

मग त्याने डोक्याचे तेल, दाढीचे सामान आणि शेवयांची पाकिटे घेतली. या वस्तू बोटीवरच्या दुकानात महाग पडतात. घरी पैसे पाठविले. डाळभात मिळतो अशी जागा सोबत्यांना ठाऊक होती, तेथे तो जेवला. आणि उरलेल्या वेळात पुळणीवर जाऊन, बूट काढून, पाय वाळूत पुरून बसला. समुद्राकडे पाठ करून बसला होता, हे त्याने मुद्दाम सांगितले. उतारू सारे समुद्राकडे तोंड करून बसले होते.

येथवर सारे ठीक. आता जे सांगावयाचे आहे ते आपल्या घरांतले आहे, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. फिलिप्सबर्गला दुपारचे बारा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात. जेवणे आटोपलेली असतात, सारी माणसे ओटीवर असतात, आणि फोन वाजतो. मग तो फोन हातोहात फिरतो. आई दोन शब्द बोलते, तोच थोरला भाऊ घेतो आणि बांधाच्या भांडणाची हकीकत सुरू करतो. बहिणीच्या कॉलेजची फी भरावयाची असते. काकांस आपल्या मुलासाठी त्याच कंपनीत शब्द टाकून हवा असतो. शेजारच्या बाई अमुक एका जातीचा फोन परदेशात स्वस्त मिळतो काय, हे विचारतात. आमच्या विद्यार्थ्याने हिशोब केला होता: एकदा एका बंदरातील दोनशे चाळीस मिनिटांपैकी पंचाण्णव मिनिटे अशी गेली. बांधाची हकीकत ऐकून तो जो उठला तो वाळूवर न बसता तसाच बोटीवर परतला, आणि पुढचे बंदर येईपर्यंत अठ्ठावीस खाटांच्या चादरी बदलताना तो बांध त्याच्या डोक्यात होता. पाच हजार मैलांवरून तो त्या बांधाचे काय करणार होता? भावाचा हेतू वाईट होता असे मुळीच नव्हे. घरातील कर्त्या मुलास घरातील गोष्ट सांगावी, ही आपली रीतच आहे. परंतु ज्याने झोपेतून काढून जमिनीचे चार तास मिळविले आहेत, त्याच्याकडून आपण ते काढून घेतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

यावर तोडही निघालेली आहे. बोटींवर आता उपग्रहाद्वारे संपर्काची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे, आणि वर सांगितलेल्या करारात झालेल्या दुरुस्तीने २३ डिसेंबर २०२४ पासून, शक्य असेल तेथे बोटीवर इंटरनेटची सोय द्यावी आणि शुल्क घेतल्यास ते वाजवी असावे, असे मार्गदर्शक तत्त्व लागू झाले आहे. तेव्हा आमची सूचना अशी की, बांध, फी आणि वशिला हे विषय बोट समुद्रात असताना काढावे. किनारा मोकळा ठेवावा.

दुसरा विषय लग्नाचा. 'मुलगा बोटीवर आहे, मग बंदराबंदराला काय करीत असेल' असे म्हणून चांगली स्थळे परत पाठविल्याचे आम्हांस ठाऊक आहे. सारे खलाशी धुतल्या तांदळासारखे असतात असे आम्ही म्हणत नाही. सारे कारकून तरी कोठे असतात? परंतु ज्याच्या हाती चार तास आहेत, ज्याची जाण्यायेण्याची मिनिटे यंत्रावर नोंदली जातात आणि जो उशिरा आला तर नोकरीस मुकतो, त्याच्या स्वैराचाराला वाव तो किती, याचा विचार मुलीच्या वडिलांनी करावा. मद्याविषयी तर २०१० च्या मनिला येथील दुरुस्त्यांपासून, सुरक्षिततेचे काम अंगावर असलेल्यांच्या रक्तातील मद्याची मर्यादा शेकडा ०.०५ अशी ठरलेली आहे, आणि कित्येक कंपन्यांचे नियम त्याहून कडक आहेत. वाढप्याच्या अंगावर कसले आले सुरक्षिततेचे काम, असे कोणी म्हणेल. बोटीवर चढण्यापूर्वी वाढप्यालाही आग विझविणे, पाण्यात जीव वाचविणे आणि प्रथमोपचार यांचे शिक्षण घ्यावेच लागते. प्रसंग आला तर ज्याच्या हातातून उतारूंनी चहा घेतला त्याच्याच मागोमाग त्यांना जीवरक्षक नावेकडे जावयाचे असते.

आपल्या वाडवडिलांपैकीही कित्येक जण पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया कंपन्यांच्या आगबोटींवर होते. सारंग, टिंडल हे शब्द ज्यांच्या घरात अजून ऐकू येतात त्यांना ते सांगावयास नको. नोकरीचा दाखला पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवीत म्हणून त्या दाखल्याचेच नाव 'नळी' पडले, ते आजही चालते. त्या काळच्या आशियाई खलाशांचे करारच निराळे असत. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडा, आणि विलायतेत नोकरीतून मोकळे होऊन राहावयाची सोय नाही. लंडनच्या थंडीत आसऱ्यावाचून त्यांचे इतके हाल होत की १८५७ साली तेथील गोदीभागात, लाइमहाउस येथे, त्यांच्यासाठी एक वसतिगृह उघडावे लागले. आपल्या मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. समुद्रावाचून दुसरी समाधी ज्यांस मिळाली नाही असे ते लोक होत. आमच्या मते मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक कोकणी मनुष्याने ते एकदा पाहावे.

किनारा अजूनही सर्वांस सारखा खुला नाही. अमेरिकेच्या बंदरात ज्याच्यापाशी तेथील खलाशांचा व्हिसा नाही त्यास उतरता येत नाही. व्हिसा असला तरी अधिकाऱ्यापुढे रांगेत उभे राहावे लागते, आणि मग फार तर एकोणतीस दिवसांपुरती उतरण्याची परवानगी मिळते. त्या परवान्याच्या कागदाचा क्रमांकही आय-९५ असाच आहे! हमरस्ता, बोळ आणि परवाना या तिघांचे नाव एक होणे हा योगायोग. आमचा विद्यार्थी मात्र म्हणतो की पहिला त्याने कधी पाहिला नाही, दुसऱ्यावर तो रोज चालतो आणि तिसऱ्यासाठी तो दोन तास उभा असतो. २०२० साली करोनाच्या साथीत तर जगातील बंदरांनी किनाराच बंद केला. मार्च महिन्यात प्रवासी बोटींची वाहतूक थांबली, उतारू घरी गेले, नोकर बोटींवरच राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस सर्व प्रकारच्या जहाजांवर मिळून सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही अडकलेले होते. मुंबईत एका विलायती प्रवासी बोटीवरील आपल्या मुलांस एप्रिलच्या अखेरीस उतरू दिले, तेही समुद्रात वाट पाहिल्यानंतर. आमचा विद्यार्थी निराळ्या बोटीवर होता. त्याची बोट त्या उन्हाळ्यात अकरा आठवडे नांगर टाकून उभी होती. किनाऱ्यावरील नारळी दिसत होत्या. तो त्या नारळी मोजत असे. त्याविषयी तो अधिक बोलत नाही आणि आम्हीही विचारीत नाही.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचा समुद्राशी संबंध पूर्वीपासून आहे, पण तो फारसा भूषणावह नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधीजी मुंबईहून विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या ज्ञातीने सभा भरवून त्यांस वाळीत टाकले, आणि जो त्यांस निरोप द्यावयास धक्क्यावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. आज दंड नाही. उलट परदेशी गेलेल्या डॉक्टर-इंजिनियरांस आपण शाल-श्रीफळ देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गेल्या कित्येक स्मरणिकांतील सत्काराच्या याद्या आम्ही चाळून पाहिल्या. वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत बोटीवरची मुले ठळक टाइपात आहेत. सत्काराच्या यादीत एकही नाही. अध्यक्षमहाराज याची नोंद घेतील अशी आशा आहे.

शेवटी, आमच्या एका भगिनीने सभेपूर्वी आम्हांस विचारले की, फोनवर मग बोलावे तरी काय? आम्ही हाच प्रश्न आमच्या विद्यार्थ्यास केला होता. फिलिप्सबर्गच्या त्या दिवशी भाऊ तालुक्याला गेला होता आणि फोन आईच्याच हातात राहिला. तिला त्याच्या कामातले काही कळत नाही आणि ती विचारीतही नाही. भात झोडून झाले, उडवी रचली, कुळीथ पेरला, विहिरीला पाणी अजून वरपर्यंत आहे, पाड्याला नवी वेसण घातली तेव्हा त्याने कुंपण मोडले, असे ती एकामागून एक सांगत गेली. तो वाळूत पाय पुरून पंचवीस मिनिटे ऐकत होता. मग साडेतीन वाजावयास आले म्हणून उठला, आणि पायाला लागलेली वाळू न झटकताच त्याने बूट चढविले.